ठशाची रेघ पाणी लागताच पसरते: फुलांच्या कार्डांवरचा दोष शोधायचा कसा

जास्वंदीचा ठसा छान उमटलेला असतो. पाकळ्यांच्या शिरा, मधला केसरांचा लांब दांडा, सगळं स्वच्छ. मग पहिल्या पाकळीत पातळ लाल जलरंग सोडायचा, आणि काठावरची काळी रेघ सैल पडून हळूहळू रंगात उतरू लागते. दोन मिनिटांत लाल पाकळी विटकरी होते आणि वाळल्यावर मळकट जांभळी. रत्नागिरीत मी घरीच कार्डांचे वर्ग घेते. दिवाळीची शुभेच्छापत्रं वेळेत व्हावीत म्हणून श्रावणातच कामाला बसतो, आणि दर वर्षी नव्या बॅचमध्ये हेच होतं. मुली विचारतात, "काकू, माझा हात जड पडतो का हो?" हाताचा दोष मला फार क्वचित सापडला आहे. बहुतेक वेळा शाई चुकीची असते, नाहीतर शाई बरोबर असून ती वाळलेली नसते. पण होतं काय, की दोष शोधायच्या आधीच माणूस महागडा कागद घेऊन येतो आणि त्या कागदावरही रेघ तशीच पसरते. म्हणून खाली फुकटच्या तपासण्या आधी दिल्या आहेत आणि खर्चाच्या नंतर.

लक्षणं आधी नीट पाहा

रेघ नेमकी कशी बिघडते ते बघितलं तर निम्मं काम होतं.

ब्रश टेकताच रेघ सगळीकडून सारखी विरघळत असेल, रात्रभर वाळवूनही तसंच होत असेल, तर ती शाई पाण्यात विरघळणारी आहे.

रंगाचा पहिला हात स्वच्छ बसतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या हाताला रेघ धूसर होते आणि रंगात करडी झाक येते. इथे शाई बहुधा बरोबर असते, पण ती पुरती वाळलेली नसते किंवा ब्रश घासला गेलेला असतो.

एकाच फुलात तीन पाकळ्या पक्क्या आणि दोन पसरलेल्या असतील तर ठसा तपासा. त्यावर आधीची दुसरी शाई राहिलेली असते.

पाणी लागायच्या आधीच रेघेला दोन्ही बाजूंनी बारीक केस फुटले असतील तर दोष कागदाचा, नाहीतर ओल्या राहिलेल्या ठशाचा.

रेघ शाबूत, पण रंगच रेघेबाहेर पळतो आहे: पाणी जास्त झालंय किंवा कागदाची खळ, म्हणजे पाणी वर थांबवणारा थर, गेली आहे.

तासाभराने बोट फिरवलं तरी काळं बोटाला लागतंय: घट्ट पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) गुळगुळीत, चकचकीत कार्डावर मारली गेली आहे. ती शाई कागदात मुरून वाळते, आणि तिथे मुरायला जागाच नाही.

पहिली तपासणी: कागदाची पट्टी (फुकट)

ज्या कागदावर कार्ड करताय त्याच कागदाची कापून उरलेली पट्टी घ्या. वहीचं पान चालणार नाही, कारण तीच शाई वेगळ्या कागदावर वेगळी वागते. पट्टीवर ठशाचा एखादा कोपरा, एखादं पान, तीनदा उमटवा आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने वेळ लिहा. पहिल्यावर पाच मिनिटांनी, दुसऱ्यावर अर्ध्या तासाने आणि तिसऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ पाण्याचा ब्रश रेघ ओलांडून एकदाच फिरवा. लगेच वर पांढरा टिश्यू दाबून उचला.

तिन्ही टिश्यूंवर काळं आलं तर कितीही थांबून उपयोग नाही, शाई बदलायची. पहिल्यावर आलं आणि तिसऱ्यावर नाही, तर शाई चांगली आहे, तुमची घाई होते आहे. टिश्यू तिन्ही वेळा कोरा, तरीही कार्डावर पसरतंय, तर ब्रश, ठसा आणि कागद यांच्याकडे वळायचं. ही पट्टी मी दर नव्या पॅडला आणि दर नव्या कागदाला करते आणि मागे तारीख घालून ठेवते. नुसतं डोळ्यांनी बघून शाई वाळली की नाही ते कळत नाही. वरून कोरडी दिसणारी रेघ आत ओली असू शकते.

दुसरी: थांबणं (हेही फुकट)

तेलावर बांधलेल्या पिगमेंट शाईला कोरड्या हवेत, चांगल्या कागदावर थोडा वेळ पुरतो. आमच्याकडे तसं नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तेव्हा कपाटातला कागदही हाताला गार आणि मऊ लागतो, कारण त्याने हवेतला ओलावा आधीच पिऊन ठेवलेला असतो. अशा कागदावर मे महिन्यात अर्ध्या तासात पक्की होणारी रेघ जुलैत रात्रभर मागते. पावसाळ्यात मी संध्याकाळी ठसे मारते आणि सकाळी रंग भरते. त्याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

हीट गन (गरम हवा फेकणारं हत्यार) असेल तर एका हाताच्या वितीएवढ्या अंतरावरून, सतत हलवत, रेघेची ओली चमक जाईपर्यंत वापरा. हेअर ड्रायरची उष्णता कमी आणि वारा जास्त, त्यामुळे त्याने वेळ लागतो, पण कागद करपायची भीती नसते. पारदर्शक ठसे मात्र त्या गरम हवेच्या वाटेतून लांब ठेवा. ते मऊ पडून वाकडे होतात.

तिसरी: ब्रश आणि पाणी

पाण्याला टिकणारी शाईसुद्धा घासली तर सुटते. रंग भरताना ब्रशचं टोक रेघेला समांतर ठेवायचं, रेघेच्या किंचित आतून. रंगाचा थेंब पाकळीच्या मध्यात सोडायचा आणि टोकाने तो काठाकडे न्यायचा, म्हणजे पाणी आपणच रेघेपर्यंत जाऊन थांबतं. पोचा मारल्यासारखं पुढे-मागे केलं की कागदाचा वरचा थर उठतो, लोकरीसारख्या गुठळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर शाईही येते.

एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. बोटाची मागची बाजू कागदाला हलकेच लावून पाहा. गार लागला तर आत पाणी आहे. शेजारशेजारच्या दोन पाकळ्या एकदम रंगवू नका. एक सोडून एक घ्या, नाहीतर ओल्याला ओलं भिडून रंग पलीकडे जातो आणि लोकांना वाटतं रेघ फुटली.

चौथी: ठसा स्वच्छ आहे ना?

एका वर्षी चाफ्याच्या ठशाने मला दोन दिवस छळलं होतं. शाई खात्रीची, कागद खात्रीचा, रात्रभर वाळवलेलं काम, आणि तरी डावीकडच्या दोन पाकळ्यांची रेघ दर कार्डावर निळसर होऊन पसरायची. त्या निळेपणावरूनच लक्षात आलं. आदल्या आठवड्यात एका मुलीने तोच ठसा निळ्या शाईने वापरला होता आणि नुसता कागदाला पुसून ठेवला होता. पाकळ्यांच्या खाचांत ती निळी शाई तशीच बसलेली. नवी काळी शाई तिच्यावर चढत होती आणि दोन्ही मिसळून कागदावर उतरत होत्या.

ठसा ओल्या फडक्याने पुसा, जुन्या मऊ टूथब्रशवर साबणाचा एक थेंब घेऊन खाचांतून फिरवा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि पूर्ण कोरडा करा. कोरडा करणं महत्त्वाचं, कारण ठशावरचं पाणी शाई पातळ करतं आणि रेघेला पहिल्यापासूनच केस फुटतात. तेलकट शाईला साबण पुरत नाही, तिच्यासाठी ठशांचा क्लीनर मिळतो. रबरावर चालणारा जहाल क्लीनर पारदर्शक ठशावर वापरू नका, डबीवर काय लिहिलंय ते वाचा. नवा पारदर्शक ठसा शाई धरत नसेल, थेंब थेंब उमटत असेल, तर त्याच्या पृष्ठभागावर पांढरा खोडरबर हलकेच फिरवा. साच्यातून सुटावा म्हणून राहिलेला निसरडा थर त्याने निघतो.

पाचवी: शाई

इथे पहिल्यांदा पैसे लागतात. पण ज्या कार्डांची रेघ पसरते त्यांतल्या बहुतेकांचा निकाल इथेच लागतो, म्हणून थोडं सविस्तर.

शाईत रंग दोन तऱ्हांनी असतो. डाय शाईत तो पाण्यात विरघळलेला असतो, साखर चहात असते तसा. कागदावर पाणी उडून जातं, रंग मागे राहतो, पण पुन्हा पाणी मिळालं की तो पुन्हा विरघळायला तयार. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते पाण्यात विरघळत नाहीत. पण कण विरघळत नाहीत म्हणून प्रत्येक पिगमेंट शाई पाण्याला टिकते असंही नाही. कणांना कागदाशी धरून ठेवणारा बांधणारा पदार्थ पाण्यात सुटणारा असेल तर कण वाहून जातात. त्यामुळे पॅडवर नुसतं 'पिगमेंट' लिहिलेलं पुरेसं नाही. 'वॉटरप्रूफ' हा शब्द शोधा, आणि तो सापडला तरी पट्टी करा.

सगळ्यात जास्त फसवतं ते ऑफिसचं स्टॅम्प पॅड. घरात असतं, स्वस्त असतं, म्हणून सुरुवात त्यानेच होते. पण ते पॅड महिनोन्महिने ओलं राहावं अशीच त्याची शाई केलेली असते. जी शाई पॅडवर वाळू नये म्हणून बनवली आहे ती जलरंगाखाली टिकावी ही अपेक्षाच चूक. जांभळ्या शाईच्या पॅडने मोगऱ्याची कार्डं करणाऱ्या एका मुलीची सगळी पांढरी फुलं फिकट जांभळी झाली होती. ती रडवेली झाली होती, आणि तिचा काही दोष नव्हता.

दुसरी गफलत अल्कोहोल मार्करसाठी केलेल्या शाईची. तिच्यावर मार्कर फिरवला तर रेघ हलत नाही, दुकानदारही 'पसरत नाही' म्हणून देतो, आणि तो खोटं बोलत नसतो. पण मार्करमध्ये अल्कोहोल, आपल्या ब्रशात पाणी. एकाला टिकणारी शाई दुसऱ्याला टिकेलच असं नाही. दुकानात विचारताना 'जलरंगाखाली चालेल का' असंच विचारा.

जलरंगासाठी मी व्हर्साफाइन वापरते. ती तेलावर बांधलेली पिगमेंट शाई आहे. बारीक शिरा नीट उमटतात आणि वाळली की पाण्याला दाद देत नाही, मात्र वाळायला वेळ घेते. आर्काइव्हल म्हणून मिळणाऱ्या शायाही चालतात. काच आणि प्लॅस्टिकवर चालणारी सॉल्व्हेंटची शाई मिनिटांत वाळते आणि पाण्याने हलत नाही, पण मऊ कागदात ती थोडी फुगते आणि वास उग्र असतो. खिडकी उघडी ठेवून वापरा.

एक विनंती. चित्रकलेची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक कोऱ्या पॅडवर ओतून काम भागवायला जाऊ नका. ती पॅडमध्ये कडक होते आणि ठशाच्या खाचांत एकदा वाळली की साबणाने निघत नाही. चांगले ठसे असे वाया गेलेले पाहिले आहेत. तुमच्याकडे कापडावर छपाईचे लाकडी छापे असतील तर मात्र एक स्वस्त वाट आहे. ॲक्रिलिकवर केलेला कापडाचा रंग स्पंजने पातळ लावा, छापा मारा आणि छापा लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्या. वाळल्यावर ती रेघ पाण्याने हलत नाही. शिरा थोड्या जाड येतात, पण झेंडू, कमळ अशा ठसठशीत फुलांना ते शोभतं.

सहावी: कागद

कागदाकडे एवढ्या उशिरा वळण्याचं कारण त्याची किंमत. शाई चुकीची असेल तर सर्वांत भारी कागदही वाचवत नाही.

जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते, त्याला साइझिंग म्हणतात. तिच्यामुळे पाणी थोडा वेळ वर थांबतं आणि आपल्याला रंग हलवायला सवड मिळते. तपासायला कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. तो अळूच्या पानावर थांबतो तसा फुगून थांबला आणि सावकाश मुरला, तर खळ ठीक आहे. टेकताच कागदाने शोषला आणि डाग पसरला, तर त्या कागदावर रेघही पसरणार आणि रंगही. मागची बाजूही बघा, कधी एक बाजू दुसरीपेक्षा बरी निघते. दमट जागी वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कागदाची खळ जागोजाग मरते. मग रंगात काळपट ठिपके उमटतात, ते कशानेही झाकत नाहीत. असा कागद पट्ट्या करायला ठेवा. चांगला कागद मी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते.

वजन ३०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, घ्या. त्याहून हलका कागद पाण्याने लाटांसारखा उठतो, रंग खळग्यांत साचतो आणि तिथे रेघ जास्त वेळ पाण्यात बसते. ठशांच्या कामाला गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस कागद सोपा. खरखरीत कोल्ड प्रेसवर रेघ तुटक येते, मग माणूस जास्त शाई लावतो, आणि जास्त शाई वाळत नाही. कोल्ड प्रेसच हवा असेल तर ठसा जागेवर धरणारा स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म घ्या. पातळ शाईने त्याच जागी दोनदा-तीनदा ठसा मारता येतो.

हातकागदाबद्दल मला नेहमी विचारतात. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे, तिथला सुती चिंध्यांचा कागद हातात घेतला की ठेवावासा वाटत नाही. पण हातकागद निरनिराळ्या कामांसाठी केलेला असतो आणि प्रत्येकाची खळ वेगळी. थेंबाची चाचणी केल्याशिवाय त्यावर फूल रंगवू नका. कमी खळीचा निघाला तर त्याचं घडीचं कार्ड करा आणि फूल जलरंगाच्या कागदावर रंगवून, वाळवून, दोन बाजूंच्या टेपने त्यावर चिकटवा. माझी निम्मी कार्डं अशीच असतात.

शाई बदलता येत नसेल तर

आधी रंग, मग ठसा. फिकट शाईने ठसा मारा, रंग भरा, पुरतं वाळू द्या, आणि प्लॅटफॉर्मवर त्याच जागी काळा ठसा पुन्हा मारा. काळ्या रेघेला पाणी लागतच नाही, त्यामुळे कुठलीही शाई चालते. प्लॅटफॉर्म नसेल तर रेघ थोडी सरकते. पारिजातकासारख्या नाजूक फुलांत ते सरकणंही बरं दिसतं.

रेघ मुद्दाम हरवून टाकायचीही पद्धत आहे. डिस्ट्रेससारखी शाई पाण्याने हलावी म्हणूनच केलेली असते. तिच्या फिकट तपकिरी किंवा गुलाबी छटेत ठसा मारला की रंग भरताना रेघ रंगातच मिसळते आणि फूल हाताने काढल्यासारखं दिसतं. फूल आणि शाई एकाच रंगाच्या कुळातली मात्र ठेवा.

तिसरी वाट एम्बॉसिंगची. उशिरा वाळणाऱ्या शाईवर एम्बॉसिंग पावडर भुरभुरवून, जादा झटकून, हीट गनने वितळवली की रेघेचा उंच बांध तयार होतो. तो शाई सांभाळतो आणि रंगालाही पाकळीत अडवतो. शेताच्या बांधासारखंच. पावसाळ्यात पावडर नको तिथेही चिकटते, म्हणून आधी कागदावर अँटिस्टॅटिक पुडी किंवा किंचित टाल्कम पावडर फिरवा.

पसरून गेलेल्या कार्डाचं काय? लगेच टिश्यू दाबून उचला, घासू नका. त्या पाकळीला वाळेपर्यंत हात लावू नका. बहुतेक वेळा पसरलेली करडी छटा फुलाच्या एकाच बाजूला सावलीसारखी वाढवून घेता येते. नाहीच जमलं तर बरी राहिलेली फुलं कापून नव्या कार्डावर लावा.

कुठे थांबायचं

पन्नासच्या वर कार्डांची मागणी आली आणि रेघ अजून बेभरवशाची असेल, तर घरी झगडू नका. पत्रिका छापणाऱ्याकडे जा आणि रेघा तुमच्या जलरंगाच्या कागदावर स्क्रीन प्रिंटिंगने किंवा लेझरने काढून घ्या. लेझरचा टोनर प्लॅस्टिकसारखा वितळून कागदाला चिकटतो, पाण्याने सुटत नाही. घरच्या इंकजेटवर काढलेली रेघ बहुधा पसरते. ३०० जीएसएमचा कागद त्यांच्या यंत्रातून जातो का ते विचारून घ्या, आणि छापून आलेल्या पहिल्या कागदावर पट्टीची चाचणी करूनच बाकीचे छापायला सांगा.

करून घेतलेला ठसा स्वच्छ करूनही एकाच जागी उमटत नसेल, तर त्याचा चेहरा सपाट नाही. ब्लेडने, पॉलिश पेपरने तो घरी सपाट होत नाही. बनवणाऱ्याला परत द्या. हीट गनला जळका वास आला, वायर तापली, मध्येच बंद पडू लागली, तर प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. ती उघडू नका.

आणि जुनी कार्डं. एक बाई त्यांच्या आईने रंगवलेलं कार्ड घेऊन आल्या होत्या. कपाटात पाणी शिरून गुलाबाची रेघ पसरली होती, ती मी नीट करावी अशी त्यांची इच्छा होती. मी ब्रश लावला नाही. जे एकच आहे, पुन्हा होणार नाही, त्यावर ठशाचे आणि जलरंगाचे घरगुती उपाय करायचे नसतात. असं कार्ड ओलं असेल तर ड्रायर लावू नका, दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांत सपाट ठेवा, वरचे कागद बदलत राहा आणि पंख्याच्या हवेत वाळू द्या. मग कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करा. त्या बाईंना मी एवढंच सांगितलं आणि कार्ड दोन पुठ्ठ्यांत बांधून परत दिलं.